हमीदा, तुझा रडीचा डाव

हमीदा, परवा तुझा चाळिसावा झाला. फातेहा झाली, माणसं जेवली, आणि मी तुझ्या दुकानामागच्या त्या खोलीत भिंतीला टेकून तुझ्यावर जळत बसले होते. मेलेल्या माणसावर कुणी जळतं का? मी जळते. इतक्या वर्षांची सवय आहे, ती चाळीस दिवसांत कुठं जायची?

आणि माणसं तरी किती यावीत गं एका बांगडीवालीला! घोटावड्याहून तुझं माहेर आलं ते ठीक. पण भुकूमची ती सासुरवाशीण, जिची लग्नानंतर सारखी दातखीळ बसायची, ती तीन लेकरं घेऊन आली. एक मिसरूड फुटलेला पोरगा दाराशी चपला काढता काढताच हुंदके द्यायला लागला. मी विचारलं, "तू कोण रे बाबा?" तर म्हणतो, "बाई, वळाकलं न्हाई व्हय? मी भिताडाला डोकं आपटनारा." घ्या! बालवाडीत दोन वर्षं माझ्याकडं होता तो. गाणी मी शिकवली, शेंबूड मी पुसला, आणि हुंदका तुझ्या नावाचा.

सुमीचं तर विचारूच नकोस. पुण्याहून नर्सिंगचा वर्ग बुडवून आली आणि तुझ्या ओढणीत तोंड घालून अशी रडली की मला तिला उठवताही येईना. माझी नात. तिच्या आईच्या दहाव्याला तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. मी शेवटी न राहवून विचारलंच, "सुमे, मी गेल्यावर एवढी रडशील का गं?"

ती नाक पुसत म्हणाली, "आजी, मरणातपण पैज लावतीस व्हय?"

तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. म्हणाली असतीस, "बाईंचा सोभावच त्यो. हरायचं म्हंजी त्यांच्या जिवावर येतं."

हे सगळं मी गिळलं असतं. तुझ्या बाबतीत गिळायची सवय आहे मला. पण डॉक्टरीणबाई आल्या होत्या. आता केस सगळे पांढरे झालेत, काठी लागते, तरी पुण्याहून एस.टी.नं आल्या. माझ्या शेजारी सतरंजीवर टेकल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "कमळाबाई, हमीदाबी तुमच्याबद्दल नेहमी बोलायच्या हं."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, गुदगुल्या झाल्या.

"म्हणायच्या, गुरुवारी दुपारी मी बाईंबरोबर बसते. काही झालं तरी ते चुकवत नाही."

झालं. मी त्यांच्या हातातून माझा हात काढून घेतला. बसते!

बाकी कुणाला त्यात काही वावगं दिसणार नाही. दोन बायका दुपारच्या ओट्यावर बसतात, शेंगा फोडतात, गावाची उणीदुणी काढतात. पण तुझ्या त्या मागच्या खोलीतल्या आपल्या खेळघरात 'बसणं' या शब्दाचा अर्थ वेगळा होता, आणि तो तुला, मला आणि डॉक्टरीणबाईंनाच माहीत होता. पोरगं बोलत नाही, चावतं, अंथरूण ओलं करतं, भिताडाला डोकं आपटतं, त्याला घेऊन कुणीतरी खेळायला बसायचं. त्यालाच आपण 'बसणं' म्हणायचो. "आज कुणाबरोबर बसलीस?" मी विचारायची, आणि तू नाव सांगायचीस. तो आपला दवाखाना होता, तिथलं ते औषध होतं.

मग माझ्याबरोबर तू बसत होतीस, ती कशी बसत होतीस, हमीदा? अकरा वर्षं दर गुरुवारी तू माझ्या ओट्यावर येत होतीस, ती मैत्रीण म्हणून येत होतीस की मी तुझं एक आजारी पोर होते? हे विचारायला आता तू नाहीस. मला तर त्या बसल्या जागी उठून कब्रस्तानात येऊन विचारावंसं वाटलं. पण बायकांना तिथं जाता येत नाही, आणि मी तर कोण, बालवाडीची बाई.

तुला ठाऊक आहे, पहिल्यांदा डॉक्टरीणबाई माझ्याकडंच आल्या होत्या. दुष्काळ सरून एकदोन वर्षं झाली असतील. पुण्याच्या मोठ्या इस्पितळात त्या लहान पोरांना खेळातून बरं करायच्या. महिन्यातून दोनदा पौडला यायचं, इथलीच एखादी बाई तयार करायची, असं त्यांच्या मनात होतं. कुणीतरी सांगितलं, बालवाडीच्या कमळाबाईंना भेटा. मी काय तयारी केली होती! माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर वाचून शिकलेली, पण मनात म्हटलं, यांना दाखवायचंच. पोरं रांगेत बसवली, हाताची घडी, तोंडावर बोट. तीन गाणी म्हणवून घेतली. बाईंनी टाळ्या वाजवल्या, चहा घेतला, आणि उठून बाजारात गेल्या.

बाजारात तुझं दुकान. एक बाई बांगड्या भरून घेत होती आणि तिचं पोरगं जमिनीवर लोळण घेऊन किंचाळत होतं. आई त्याला धपाटे घालत होती. तुझ्या नवऱ्यानं, चाँदभाईंनी, तिच्या हातात बांगड्या चढवायला घेतल्या आणि तू गल्ल्यामागून उठून खाली जमिनीवर त्या पोराशेजारी जाऊन बसलीस. त्याला गप म्हणाली नाहीस, उचललं नाहीस, खाऊ दिला नाहीस. फुटक्या बांगड्यांच्या तुकड्यांचं ताट पुढ्यात ओढलंस आणि स्वतःच रंग निवडायला लागलीस. हिरवे हिरव्यांकडं, लाल लालकडं. थोड्या वेळानं पोरगं गप झालं आणि चुकून हिरव्यात पडलेला एक लाल तुकडा त्यानं उचलून लालकडं ठेवला.

डॉक्टरीणबाई रस्त्यावर उभ्या राहून हे बघत होत्या. मी त्यांच्या मागं उभी होते. त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, "या कोण?"

त्या क्षणी मला कळलं की माझी तीन गाणी फुकट गेली.

तुला अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून तुझं लिहायचं काम माझ्याकडं आलं. तू सांगायचीस, मी वहीत लिहायची, बाई येऊन वाचायच्या. तुझ्या दुकानामागची खोली खेळघर झाली. गाव हसायचं. "सुई न्हाई, गोळी न्हाई, ह्यो कसला दवाखाना?" आणि तिथं तू मांडी घालून बसलेली, भोवती मातीची बोळकी, चिंध्यांच्या बाहुल्या, बांगड्यांचे तुकडे, तुसानं भरलेली पाटी. मी कोपऱ्यात पाटावर वही घेऊन. दिसायला मी मास्तरीण, पण पोरं माझ्याकडं पाठ करून बसायची.

भुकूमची ती सासुरवाशीण आठवते? बावीस वर्षांची बाई, तिच्यापुढं तू चूलबोळकी मांडलीस तेव्हा मी मनात म्हटलं, हमीदाला वेड लागलं. तिनं खोट्या खोट्या भाकरी थापल्या, खोट्या सासऱ्याला वाढलं, खोट्या दिराला वाढलं, सगळी पानं झाली, आणि बोळकी रिकामी करून पालथी घातली. तू फक्त म्हणालीस, "आन् हिचं पान?" असं म्हणून एका बाहुलीकडं बोट केलंस. ती बाहुलीकडं बघत राहिली आणि ढसाढसा रडायला लागली. तू वहीत लिहायला सांगितलंस, "तिनं सगळ्यांना वाढलं, स्वतःला न्हाई." मी लिहिलं, "रुग्णाने खेळात समाधानकारक प्रगती केली." डॉक्टरीणबाईंनी वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "कमळाबाई, हे हमीदाबी बोलल्या नसणार." माझे कान तापले. त्या दिवसापासून मी तुझं वाक्य जसंच्या तसं लिहायला लागले, कानामात्रा न बदलता. आणि प्रत्येक वाक्य लिहिताना वाटायचं, हे मला का सुचलं नाही?

बाईंनी आपल्याला शिकवलेलं ते सगळं अजून पाठ आहे मला. खेळात 'का' विचारायचं नाही. खेळात शपथ घालायची नाही. मोठ्या माणसानं कधी लबाडी करायची नाही, मुद्दाम हरायचंसुद्धा नाही, कारण पोराला कळतं आणि मग त्याचा कशावरच विश्वास राहत नाही. आणि पोर चावलं, थुंकलं, नको ते बोललं, तरी पुढच्या वेळी त्याच दिवशी, त्याच वेळेला, त्याच्यासमोर जाऊन बसायचं. काही झालंच नाही असं दाखवायचं नाही, पण यायचं मात्र चुकवायचं नाही.

हे शेवटचं लक्षात ठेव. माझं दुखणं तिथंच आहे.

मग माझी लेक, शांता गेली. बाळंतपणात गेली, बाळही गेलं. वर्षाच्या आत जावयानं दुसरं लग्न केलं आणि सहा वर्षांच्या सुमीला माझ्या दारात आणून सोडलं. तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. सहा महिने! मी गाणी म्हटली, शेवया केल्या, अंगारा लावला, दटावलं, हातापाया पडले. तिच्यासमोर एकदाही रडले नाही, हा मोठा पराक्रम केला असं मला वाटायचं. दुसऱ्यांच्या पोरांना अआई शिकवणारी मी, माझ्या घरातलं पोर मुकं. लोक काय म्हणतात ते ऐकू येऊ नये म्हणून मी बालवाडीत गाणी जास्तच मोठ्यानं घ्यायची.

तू बोलावलं नाहीस. मीच तिला घेऊन आले, ते मला किती जड गेलं हे तुला कळलं होतं. म्हणून तू माझ्याकडं बघितलंही नाहीस. सुमी भिंतीकडं तोंड करून बसली. तूही भिंतीकडं तोंड करून बसलीस! दोघींच्या पाठी माझ्याकडं. तुझ्या चंचीतून तू पाच गजगे काढलेस, शहरात ज्यांना सागरगोटे म्हणतात ते, आणि एकटीच खेळायला लागलीस. एक वर उडवायचा, खालचे उचलायचे, वरचा झेलायचा. एक गुरुवार झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. मी वहीत काय लिहू? तू सांगायचीस, "लिवा, बसलो." तिसऱ्या गुरुवारी एक गजगा घरंगळत सुमीच्या पायाशी गेला. तिनं तो मुठीत धरला आणि सोडला नाही. मूठ बंद करूनच घरी आली, मुठीसकट जेवली. तू मागितला नाहीस. पुढच्या गुरुवारी चार गजग्यांवरच खेळलीस आणि त्याच्या पुढच्या गुरुवारी कुठून तरी नवा पाचवा घेऊन आलीस. सुमीनं तिचा परत आणून दिला, तो तू चंचीत टाकलास. मी लिहिलं, "गजगा परत आला." तुझंच वाक्य.

आणि मग तो दिवस. मी पडद्याआड दुकानात होते, कारण बाईंनी सांगितलं होतं, आजीनं आत बसू नये. आत गजग्यांचा खुळखुळाट. तुझा झेल चुकला, खरोखरच चुकला, आणि आवाज आला. बारीक, घोगरा, गंजलेल्या कडीसारखा. "मावशी, तुझा डाव गेला. रडू नको. आता माझा."

शांताच्या मरणानंतर माझ्या नातीचे हे पहिले शब्द. मी देवाला हात जोडायला हवे होते. तुझे पाय धरायला हवे होते. पण मला आधी काय वाटलं सांगू? तुला का? मला का नाही? तिला न्हाऊ-खाऊ घालते मी, तिच्या उवा काढते मी, आणि पहिला शब्द तुला? मी पडदा ओढून आत घुसले, सुमीचे दोन्ही दंड धरले. "बोल! बोल की! आजी म्हन मला! आजी म्हन!" तिला हलवत राहिले. तिच्या डोळ्यांतलं ते दार पुन्हा लागताना मी बघितलं, हमीदा. मीच लावलं ते.

तू म्हणालीस, "बाई, सोडा तिला."

आणि मी तुला म्हणाले. काय म्हणाले ते आजवर आपण दोघींनीही पुन्हा उच्चारलं नाही, पण आज लिहिते. मी म्हणाले, "सोताचं न्हाई म्हनून माझी वढतीस व्हय गं?"

चाँदभाई बाहेरून खाकरले. तू खाली वाकून एकेक गजगा वेचलास, चंचीत घातलास, नाडी ओढलीस. अठरा वर्षं झाली होती तुझ्या लग्नाला. तुझ्या घरचं पाणी प्यायलाच मला दोन वर्षं लागली होती. तेही मी, जी स्वतःला शिकलेली समजते. आणि तुझं सगळ्यात दुखरं ठिकाण मात्र मला एका दमात सापडलं.

सुमी पुन्हा मुकी झाली. आठ दिवस मी घराबाहेर पडले नाही. आणि पुढच्या गुरुवारी, बरोबर त्याच वेळेला, तू माझ्या ओट्यावर हजर. हातात चंची.

"बाई, चला. डाव मांडा."

"कुनाशी?"

"माज्याशी. पोरीला राहूंदे तिकडं. आपुन खेळू."

मी म्हातारी होत आलेली बाई, ओट्यावर पाय पसरून गजगे खेळायला बसले. रागानंच बसले. आणि लहानपणी माझा हात धरणारी कुणी नव्हती, हे तुला कुठं माहीत होतं! मी चढत गेले. एकेक झालं, दोन-दोन झालं, तीन-एक झालं. सुमी उंबऱ्यात बसून बघत होती. शेवटचे चारही एकदम उचलायचे, तुझी पाळी. तू पंजा मारलास, झेललास, मूठ उघडलीस. पाच! पण मी डोळ्यांनी बघितलं होतं, एक खाली राहिला होता. तो तुझ्या मांडीखाली गेला.

"लबाडी!" मी ओरडले. "मांडी उचल!"

"कशापायी उचलू? मोजा की, पाच हायेत न्हवं?"

"घे माझ्या गळ्याची शपथ!"

"खेळात शपत न्हाई," तू म्हणालीस आणि दात काढून हसलीस. "तू हरलीस."

तू! मला! अकरा वर्षांत तू मला कायम 'बाई, तुमी' म्हणालीस. फक्त डावावर बसलं की 'तू'. मला इतका संताप आला की डोळ्यांतून पाणीच आलं. एक आलं आणि मग थांबेना. कशासाठी रडत होते मी? गजग्यासाठी? शांतासाठी रडत होते, वर्षभर थोपवलेलं होतं सगळं. हुंदके देऊन, पदर तोंडात कोंबून रडले, सुमीच्या समोर. आणि उंबऱ्यातून ती उठून आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आजी, रडू नको. मावशी रडीचा डाव खेळती."

आजी. मला म्हणाली. मला.

तू हळूच गजगे गोळा केलेस आणि निघून गेलीस. पुढच्या गुरुवारी पुन्हा आलीस. त्याच्या पुढच्याही. सुमी बोलायला लागली, शाळेत गेली, दहावी झाली, पुण्याला गेली, आणि तू येतच राहिलीस, अकरा वर्षं. आणि दर दोन-तीन डावांनी एक डाव लबाडीनं जिंकत राहिलीस. आपण काय काय भांडलो त्यावरून! मी आठ-आठ दिवस अबोला धरायची, बाजारात समोर आलीस तर कांदे निवडत बसायची. तू गुरुवारी त्याच वेळेला हजर. "बाई, रुसवा झाला असंल तर डाव मांडा."

आता कळलं माझं दुखणं? पोर चावलं तर त्याच दिवशी, त्याच वेळेला जाऊन बसायचं. मी तुला चावले होते, कधीच भरून येणार नाही अशा जागी. आणि तू नियमानं आलीस. डॉक्टरीणबाई "बसते" म्हणाल्या आणि अकरा वर्षांच्या माझ्या सगळ्या दुपारी माझ्यासमोर उलट्यापालट्या झाल्या. हे सगळं औषध होतं? त्या डोकं आपटणाऱ्या पोराला दिलंस तेच? मग माझं असं काय होतं तुझ्यापाशी? तुझ्या पोरांवर जळत आले मी, आणि शेवटी कळावं की मीही त्याच रांगेतली, मागून तिसरी, हाताची घडी, तोंडावर बोट?

घरी येऊन मी सगळ्या वह्या काढल्या. माझंच अक्षर. दोन दिवस वाचत होते. माझं नाव शोधत होते. नाही सापडलं. आणि बघ माझी तऱ्हा, आधी वाटलं, बरं झालं. आणि लगेच वाटलं, म्हणजे पंचक्रोशीतली सगळी आहेत आणि मीच नाही? अगं, पण सापडेल कसं? लिहिणारी मीच. माझ्याबद्दल तू मलाच कशी लिहायला सांगणार?

पण वाचता वाचता एक गोष्ट डोळ्यांसमोर यायला लागली. "आज मी खरी हरले." "त्यो जिकला, म्या कबूल केलं." "तिनं लबाडी केली, म्या न्हाई." पानोपान तेच. पोरांबरोबर तू एकदासुद्धा लबाडी केली नव्हतीस. तुझा नियम पक्का होता.

मग आज सकाळी शबाना आली, तुझ्या दिराची सून. म्हणाली, "बाई, चाचींची ही चंची. कपाटात ठिवून तरी काय करू? त्या म्हनल्या हुत्या, बाईंना द्या." सुमी शेजारीच होती. मी नाडी सोडली, ओंजळीत पालथी केली. गजगे मोजले. पुन्हा मोजले.

सहा.

सुमी फिसकन हसली. "आजी, त्यो सहावा माझा. मुठीत धरून घरी आनलेला. मावशी त्यो बाहीत ठिवायची."

"तुला म्हाईत हुतं?"

"पहिल्या दिसापास्नं. उंबऱ्यातनं दिसायचं की."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"मावशी म्हनली हुती, सुमे, आजीला लेक मिळाली हुती, नात मिळाली. मला एक डाव तरी मिळू दे."

मी उठून आत गेले. चुलीपाशी उभी राहिले. हमीदा, अकरा वर्षं मला वाटलं, आपल्या दोघींत जळणारी मी एकटी. दर गुरुवारी डाव संपला की सुमी तुझ्या गळ्यात पडायची, आणि मग माझ्या पदराला धरून माझ्या घरात जायची, आणि तू एकटी चंची हलवत बाजाराकडं चालू लागायचीस. मी कधी वळून बघितलं नाही. तू एकदा म्हणालीही होतीस, "बाई, तुमी जिकूनच बसल्या हायसा." मला वाटलं, माझ्या हाताचं कौतुक करतेस.

पहिल्या दिवशीची लबाडी सुमीसाठी असेल, माझ्यासाठी असेल, औषध असेल. ती मी कबूल करते आणि तिच्याबद्दल तुझे पाय धरते. पण त्यानंतरची अकरा वर्षं? औषध म्हणून कुणी एवढी वर्षं बाहीत गजगा लपवत नाही. तुला जिंकायचं होतं. माझ्यावर जिंकायचं होतं. पोरांबरोबर तू बसायचीस, माझ्याबरोबर तू खेळलीस. रडीचा डाव खेळलीस, 'तू' म्हणालीस, माझ्यावर जळलीस. एवढं माझ्याशी कुणीच केलं नाही गं.

सुमीवरून मी तुला बोलले होते, ते मागं घेते. उशीर झाला, पण घेते. तू "खेळात माफी न्हाई" म्हणणार, ते ऐकून घेते.

आज गुरुवार आहे. ऊन ओट्यावरून उतरलंय, म्हणजे तुझी वेळ झाली. सुमीला पुण्याच्या एस.टी.त बसवून आले, आणि डाव मांडलाय. पाच गजगे पुढ्यात आहेत, सहावा मी माझ्या कमरेला खोचलाय. आता मांडी उचल म्हणायला तू नाहीस.

तुझा डाव गेला, हमीदा. रडू नको. आता माझा.